नियम सातवा : स्वहस्ते

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज सकाळी साडेसात वाजता कुर्डुवाडी रस्त्याच्या माळावर एका पिवळ्या प्लास्टिकच्या तुकड्याने माझा सार्वजनिक पराभव केला. तुकड्याची लांबी दीड पेर, वय नऊ दिवस. माझी उंची पाच फूट सात इंच, वय चौपन्न वर्षे, त्यांपैकी एकोणतीस परंड्याच्या शाळेत संस्कृतच्या अध्यापनात गेलेली. पराभूताने निदान शत्रूचे यथार्थ वर्णन लिहून ठेवावे, म्हणून ही नोंद.

माझे ‘शकुंत’ हे विमान विजेवर उडते. पंखांचा विस्तार चार फूट, देह फोमचा, नाकाशी पंखा, पोटात बॅटरी. जुनी बॅटरी गेल्या महिन्यात फुगून निवर्तली. नवी आली ती नव्या कनेक्टरसह. कनेक्टर म्हणजे जोडमुख: एक अर्ध बॅटरीच्या तारेला, दुसरे विमानाच्या. एकमेकांत रुतवले की यंत्रात प्राण संचारतो, उपटले की निघून जातो. ही क्रिया अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत करावयाची असते, आणि माझ्या अंगठ्याने व तर्जनीने दोन वर्षांपूर्वीच परस्परांशी असहकार पुकारलेला आहे. बार्शीचे डॉक्टर त्यास आमवात म्हणतात. मी त्यास फितुरी म्हणतो.

दहा मिनिटे झटलो. जोडमुख मांडीत धरले, सदऱ्याच्या टोकात धरले, एकदा तर दातांपर्यंत नेले. तेवढ्यात वीरप्पाची सावली पडली. वीरप्पा हा माझा वर्गमित्र, पाइप व मोटारपंपांचा व्यापारी, आमच्या पाच जणांच्या विमानमंडळाचा अध्यक्ष, आणि इयत्ता सहावीपासूनचा शत्रू.

“पंडित, कुस्ती लई येळ चाललीय. पंच बोलवू का?”

मी जोडमुखाशी झटत राहिलो. पोस्टातला सिद्धाराम हा मंडळाचा सर्वांत सज्जन, म्हणून सर्वांत उपद्रवी सभासद. त्याने न विचारता पुढे होऊन टिचकीसरशी जोडमुख जोडले. “नवं असतंय म्हणून घट्ट असतंय, सर,” तो म्हणाला. ही दया वीरप्पाच्या टोमण्याहून अधिक झोंबली.

शकुंत उडालाच नाही. वीरप्पाने हात आडवा घातला. “सातवा नियम कुणी लिहिला रं, पंडित? म्हण की पाठ. तुझंच संस्कृत हाय.”

१० नोव्हेंबर

सातवा नियम पुढीलप्रमाणे: ‘उड्डाणकर्त्याने विद्युत्कोषाचे संधान व विमोचन स्वहस्ते करावे. परहस्ते केल्यास त्याचे नाव वैमानिकांच्या पटावरून कमी करण्यात यावे.’

वाक्य निर्दोष आहे. हेच त्यातले संकट.

तीन वर्षांपूर्वी वीरप्पाच्या विमानाला बॅटरी जोडण्याचे काम त्याचा ड्रायव्हर बलभीम करीत असे. शेठजी लांब उभे राहून रिमोट धरीत. एके दिवशी रिमोटची कळ वर राहिली, बलभीमने बॅटरी जोडली, पंखा फिरला आणि त्याच्या तर्जनीला सात टाके पडले. त्याच दुपारी मी नियम रचला आणि सर्वांसमक्ष वीरप्पाला त्यावर सही करावयास लावली. प्रामाणिकपणे लिहावयाचे तर नियम रचताना माझ्या मनात बलभीमची तर्जनी किती होती आणि वीरप्पाचा उतरलेला चेहरा किती, याचे प्रमाण मी कधी काढलेले नाही.

आज वीरप्पाचा लेखी अर्ज आला. प्रजासत्ताकदिनी झेंडावंदनानंतर माळावर माझी परीक्षा व्हावी, संधानास एक मिनिट, विमोचनास एक मिनिट. अन्यथा नाव कमी. अर्जात शुद्धलेखनाच्या चौदा चुका आहेत. मागणीत एकही नाही.

१२ नोव्हेंबर

या घरात एकही झाकण पूर्ण लागलेले नसते. साखरेचा डबा, लोणच्याची बरणी, तुपाचे भांडे, सर्व अर्धोन्मीलित. आज साखरेत मुंग्यांची दिंडी होती. गृहस्वामिनी सौ. दैवशाला यांस जाब विचारला.

“उघडायला सोपं पडतं,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“ज्याला उघडायचंय त्याला.”

हा माझ्या बोटांवरील उपरोध होता हे कळण्याइतके व्यंजनाशास्त्र मला अवगत आहे. मी सर्व झाकणे तळव्याच्या दाबाने घट्ट बसवून टाकली. दुपारपर्यंत ती पुन्हा सैल झालेली होती, आणि तिचा चेहरा घट्ट.

१६ नोव्हेंबर

अंगाला चोळावयाच्या औषधी तेलात भेसळ नसेल कदाचित, परंतु माप निश्चित खोटे आहे. दोन्ही वेळा मोजून अर्धा चमचा वापरल्यास बाटली सव्वा महिना पुरावयास हवी. ती एकोणीस दिवसांत संपली. यापूर्वीचीही तशीच. ग्राहक मंचाकडे करावयाच्या तक्रारीचा मसुदा आरंभिला: ‘महोदय, तैलाचा हा अकाली क्षय...’

मसुदा मोठ्याने वाचत असता दैवशाला म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की. बूच सैल असंल. सांडलं असंल कुठं.”

सैल झाकणांच्या पुरस्कर्त्रीकडून याहून वेगळ्या युक्तिवादाची अपेक्षा नव्हती.

२३ नोव्हेंबर, रविवार

पकडीचा प्रयोग फसला. लोखंडी पकडीने जोडमुखाच्या कानशिलावर दात उमटले. पकड निसटून तारेवर गेली आणि निळी ठिणगी उडाली. मी ‘मातः’ असे उद्गारलो. एरवी मराठीत उद्गारलो असतो, परंतु शेजारी होते.

दैवशाला ओसरीत सुपारी कातरीत होती. ती हल्ली अडकित्ता मुठीत न धरता, एक दांडा जमिनीवर टेकवून दुसरा तळहाताने दाबते. शिस्तीचा ऱ्हास सर्वत्रच आहे. न पाहताच म्हणाली, “सुपारी काय बोटांनी फोडता का तुम्ही? ह्याच्यात धरा ते.”

स्त्रियांच्या सूचनांस उत्तर न देण्याचा माझा परिपाठ आहे. अडकित्ता मात्र मी नंतर तपासून पाहिला.

३० नोव्हेंबर

कन्या गायत्री धाराशिवला नोकरी करते. तिचा दूरध्वनी आला. बोलणे तुटत होते.

“बाबा, आईच्या हाताचं कसंय?”

“हाताचं नव्हे, हातचं,” मी सुधारले. “‘आईच्या हातचं’ असा प्रयोग आहे. षष्ठीचा हा प्रत्यय...”

“बाबा, ऐका ना. हाताचंच म्हणतेय...”

यंत्र मुके झाले. लेकीला आईच्या हातचे खावेसे वाटते यात नवल नाही. भाषा गेली तरी जिव्हा शाबूत आहे. मी दैवशालेस शेंगदाण्याचे चाळीस लाडू वळून पार्सल करण्याचे सुचविले. तिने हातातले काम बाजूला ठेवले.

“काय म्हणाली गायत्री? नीट सांगा.”

“‘आईच्या हातचं’.”

“बरं,” ती म्हणाली आणि खलबत्ता घेतला.

३ डिसेंबर

लाडूंच्या वड्या झाल्या आहेत. मिश्रण ताटात थापून सुरीने कापलेले. पृच्छा करता “वळले गेले न्हाईत” एवढेच उत्तर. तूप कमी पडले असेल तर तसे सांगावे. मुलीने आईच्या हातचे मागितले होते, सुरीच्या हातचे नव्हे, असे मी बोलून गेलो. त्यानंतर दोन दिवस घरात शब्ददुर्भिक्ष आहे. भाकरीही हल्ली जाड व कडेने फाटलेली येते; मी आज ती निषेध म्हणून अर्धीच खाल्ली. कोणाच्या लक्षात आले नाही.

७ डिसेंबर, रविवार

जय! अडकित्त्याच्या दोन्ही ओठांस लोहाराकडून खाचा पाडून घेतल्या, जेणेकरून तारा मागून निघतील. पाते घासून बोथट केले, त्यावर सायकलच्या ट्यूबचे रबर चढविले. ठिणगीची पुनरावृत्ती नको. मग जोडमुखाची दोन्ही अर्धे समोरासमोर ठेवून, एक दांडा मेजावर टेकवून, दुसरा तळहाताने दाबला. सुपारी फुटावी तसा ‘कट्’ असा ध्वनी झाला आणि वीज पोहोचल्याची खूण म्हणून शकुंताने आपले तीन सूर काढले. या उपकरणास मी ‘पूगकर्तनी’, म्हणजे सुपारी कातरणारी, हे नाव दिले आहे. शोध सर्वस्वी माझा.

दहा वेळा जोडून पाहिले. प्रत्येक वेळी वीस सेकंदांच्या आत.

विमोचनाचे कार्य मात्र पूगकर्तनीच्या कक्षेबाहेर आहे; ती दाबू शकते, ओढू शकत नाही. ते दैवशाला करते. जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा घेऊन, दार लावून, आत बसून. हा घरगुती भाग असल्याने त्याची विशेष नोंद आवश्यक नाही. दहाव्या वेळेनंतर ती गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसली होती. थंडी यंदा लवकर आली.

१९ डिसेंबर, येळवस (शेतपूजेची वेळ अमावास्या)

बलभीमच्या शेतात निमंत्रण. वीरप्पाचा ड्रायव्हर असूनही तो मला बोलावतो. सात टाक्यांचे उपकार, असे मी मानतो. ज्वारीत पाच दगडांचे पांडव, वर कडब्याची खोप, भज्जी, कडबू, मडक्यातली आंबील. स्थळ रम्य. वीरप्पाही होता, त्यामुळे रम्यता आटोक्यात राहिली.

“पंडित, आडकित्ता घेऊन येणार म्हणं सव्वीसला? आणि पानपुडा?”

“आणीन. तुझ्या तोंडाला रंग येईल.”

“माज्या तोंडाचं ऱ्हाऊ दे. नाव खोडायला लाल शाई आणतो.”

जेवताना दैवशालेने आंबिलीचा पेला दोन्ही तळहातांत धरला होता, पूजेचा कलश धरावा तसा. बलभीम वाढता वाढता थांबला. स्वतःच्या वाकड्या तर्जनीकडे त्याने एकदा पाहिले.

“काकू, तुमचं बी?”

“गप. वाढ तिकडं,” ती म्हणाली.

आंबील पुरे झाली का, अशी चौकशी असावी. हा मनुष्य यजमान म्हणून उत्तम आहे, प्रश्न अपुरे सोडण्याची खोड वगळता.

१४ जानेवारी २०२६, संक्रांत

दैवशाला कासाराकडे बांगड्या भरावयास गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. होत्या त्या दोन काचेच्याही काढून आली. विचारले.

“चढंनात.”

“माप बदल.”

“मापानंच घातल्या. फुटल्या.”

सुवासिनीने सणाच्या दिवशी मोकळे हात मिरवणे ही माझ्याविरुद्धची निदर्शने आहेत, आणि वड्यांचे प्रकरण अद्याप मिटलेले नाही, असा मी निष्कर्ष काढला. परंतु सायंकाळी न्याय झाला. वीरप्पाच्या घरच्या हळदीकुंकवाचे बोलावणे तिने नाकारले. शत्रूच्या उंबऱ्यावर वाण लुटावयास ती गेली नाही! अशी निष्ठा विरळाच. तसे मी तिला सांगितलेही.

“निष्ठा कसली मेली,” ती म्हणाली. “तिथं सगळ्याजणी हातच बघत्यात.”

अर्थबोध झाला नाही. वाद वाढविला नाही.

२५ जानेवारी, रविवार

सराव केला नाही. थंडीने सांधे दगडाचे झाले आहेत. सकाळी सदऱ्याची गुंडी लावण्यास सात मिनिटे लागली. उद्याचा प्रश्न केवळ वीरप्पाचा नव्हे, हे येथे लिहिण्यास हरकत नाही. वर्गात खडू धरता येईनासा झाल्यापासून मी फळ्यावर लिहीत नाही, मुलांकडून लिहवून घेतो. स्वाक्षरी बँकेतून दोनदा परत आली. या दोन हातांनी मी स्वतः, कोणाच्याही मदतीविना करू शकतो अशी एकच गोष्ट उरली आहे: ते विमान वर नेणे आणि सुखरूप खाली आणणे. रिमोटच्या काड्यांना बळ लागत नाही. नाव कमी झाले तर मी माळावर प्रेक्षक म्हणून जाणार नाही. कोठेच जाणार नाही.

विमोचनाचा विचार मनात आला. रबराचा तुकडा मीही वापरू शकेन. स्त्रीला जमते ते मला का जमू नये?

२६ जानेवारी, सोमवार

क्रमाने लिहितो. अक्षर वाईट आहे.

आठ वाजता माळ. वारा उत्तरेचा, गार. पाचही सभासद, बलभीम, आणि कडेला लिंबाखाली डबा घेऊन दैवशाला. वीरप्पा घड्याळ हातात घेऊन, खिशात खरोखरीच लाल पेन.

पूगकर्तनी पाहताच त्याने आक्षेप घेतला. “स्वहस्ते म्हंजे हातानं. आडकित्ता हात हाय का?”

“स्वहस्ते लिहिलेल्या पत्रात लेखणी असते,” मी उत्तरलो. “ती कापून टाकून बोटाने लिहीत नाहीत. हस्त हे कर्त्याचे, उपकरण कर्माचे.”

“ह्यो वर्गात बी असाच करायचा,” वीरप्पा इतरांना म्हणाला. पण सिद्धारामने पंच या नात्याने आक्षेप फेटाळला. “शेठ, तुमी बी बॅटरी चार्जरनंच चार्ज करता की. तोंडानं फुकत न्हाय.”

संधान: एकोणीस सेकंद. कट्.

मग उड्डाण. त्याविषयी थोडे लिहितो, कारण त्यात वर्णन करण्यासारखे काही चुकले नाही. शकुंत परंड्याच्या किल्ल्याच्या दिशेने चढला, बुरुजाच्या रेषेवर वळला, दोन मोठी वर्तुळे घेतली, आणि मी त्याला माझ्या पायांपासून सहा पावलांवर उतरविले. चार मिनिटे माझी बोटे कोणत्या वयाची आहेत हे मला आठवले नाही.

“आता सोड,” वीरप्पा म्हणाला. घड्याळ दाबले.

रिमोट खाली ठेवला, गुडघे टेकले, जोडमुख धरले. रबर होते, रबराखाली बोटे होती, बोटांत काही नव्हते. ओढले. तर्जनीतून कोपरापर्यंत आग गेली आणि रबर घरंगळले. पुन्हा. पुन्हा. कोणी हसत नव्हते. हसले असते तर बरे झाले असते.

“चाळीस,” वीरप्पा म्हणाला.

आणि मी जे केले ते ठरवून केले नाही. दीड महिन्याची सवय तोंडातून बाहेर पडली. “अगं, ये गं,” मी लिंबाच्या दिशेने म्हणालो. घरात म्हणतो तसे, मान वर न करता.

त्या तीन शब्दांत सर्वांना सर्व कळले. वीरप्पाचे घड्याळ खाली आले. “आसं व्हय,” तो म्हणाला. “म्हंजे घरी बी वैनीच सोडतेत.”

दैवशाला आली. डबा खाली ठेवला, शेजारी बसली, रबर उचलले. घरात ती दार लावून बसत असे. तिला हे काम करताना मी पाहिलेले नव्हते. तिने जोडमुखाभोवती बोटे मिटण्याचा प्रयत्न केला. ती मिटली नाहीत. तर्जनी व मधले बोट सुजून बाहेरच्या बाजूस कललेले, अंगठ्याचे मूळ वर आलेले, मनगट मोकळे. माझे हात मी रोज पाहतो. माझ्याच हातांच्या शेजारी, त्याच उन्हात, तेच हात होते. आकाराने लहान आणि अधिक वाकडे.

सकाळपासून परात, बादली आणि हा डबा यांनीच त्यांचे बळ संपविलेले असणार. हे मी आता लिहितो आहे. तेव्हा मी एवढेच विचारले, “केव्हापासून?”

“आत्ता इचारता?” ती म्हणाली. “आधी हे सोडवा. तुमच्याकडचं दोन्ही हातांनी धरा, म्या माझ्याकडचं धरते. बोटांनी न्हाई, तळव्यात. आणि वढू नका हो, वढू नका. डोलवा.”

डोलविले. इकडे, तिकडे. चार तळवे, एक पिवळा तुकडा. किती वेळ लागला ते वीरप्पाने मोजले नाही, त्यामुळे नोंद नाही. तुकडा सुटला तेव्हा आम्ही दोघेही मागे बसलो.

बलभीम म्हणाला, “मी येळवशीला बघितलं हुतं. काकूंनी गप केलं मला.” मग माझ्याकडे पाहून, सावकाश: “बोट कापलं तवाबी तसंच झालतं, सर. तुमी नियम केला, शेठनी सही केली. बोट कसंय म्हणून कुणी इचारलं न्हाय.”

वीरप्पा घड्याळ पुसू लागला. मी पूगकर्तनी. चाळीस वर्षांत आम्हां दोघांचे एकमत झाल्याचा हा पहिला प्रसंग.

त्यातून तोच आधी सावरला. “वैनी, तुमचं वाईट वाटतंय. पर नियम म्हंजे नियम. परहस्ते झालं.”

“झालं तर झालं, भावजी. खोडा नाव,” दैवशाला म्हणाली. “ह्यांच्या हातात पेन ठरत न्हाई, तुम्हीच खोडा.”

“नाही,” मी म्हणालो. “स्वहस्ते.”

मी मंडळाचा कार्यवाह आहे. पट माझ्याजवळ असतो. लाल पेन मुठीत धरून स्वतःच्या नावावर रेघ ओढली. ती नावाच्या वरून निघाली आणि सिद्धारामच्या नावाला स्पर्शून थांबली.

“अक्षर लई वाकडं आलंय, पंडित.”

“ती रेघ आहे, गाढवा.”

“तीच म्हणतोय.”

परतताना डबा न उघडलेलाच होता. त्यात कडेने फाटलेल्या चार भाकऱ्या होत्या. माळावरून घरापर्यंत मी डबा धरला होता, तळव्यांत.

२९ जानेवारी

बार्शी. एसटीत दोघे, दवाखान्यात कागद दोन. डॉक्टरांनी तिची बोटे एकेक करून दाबली. ती हूं की चूं करीत नव्हती. मी करीत होतो.

“किती दिवस?”

“चार वर्षं झाली असतील,” ती म्हणाली.

माझ्या रोगाला दोन वर्षे झाली. म्हणजे तिचा रोग माझ्या रोगाहून वडील आहे, आणि या घरात मी त्यास कनिष्ठही मानला नाही. माझ्या बोटांवर या दैनंदिनीत जेवढे लिहिले तेवढे मी एखाद्या महाकाव्यावर लिहिलेले नाही.

डॉक्टर रागावले. इतकी वर्षे बोलल्या का नाहीत?

“हे रोज बोलत हुते की,” तिने माझ्याकडे हात केला. “एका घरात दोघांनी इव्हळायचं म्हटल्यावर भाकरी कुणी थापायची? ह्यांचं तेल घेत हुते थोडं थोडं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. भिंतीवर सांध्यांचा तक्ता होता. मी तो वाचला.

१ फेब्रुवारी, रविवार

आज माळावर गेलो नाही. विमानांचा आवाज घरापर्यंत येत नाही, तरी दर दहा मिनिटांनी आला असे वाटले.

गायत्रीला दूरध्वनी केला. “तू म्हणालीस तेच बरोबर होते,” असे सांगितले. “काय?” तिने विचारले. “हाताचं,” मी म्हणालो. या खेपेस यंत्र मुके झाले नाही. ती म्हणाली, “बाबा, मी दिवाळीतच पाहिलं होतं. तुम्ही शेजारीच बसला होतात.” त्यावर मी व्याकरणाची कोणतीही शंका काढली नाही.

तेलाच्या मापाविषयीची तक्रार मागे घेतली. माप बरोबर होते.

सातव्या नियमाच्या दुरुस्तीचा मसुदा गुढीपाडव्याच्या सभेसाठी तयार केला आहे. ‘स्वहस्ते’ या पदाने एकवचनाचा भ्रम होतो. संस्कृतात दोन हातांस द्विवचन पुरते, चार हातांस बहुवचन लागते. आणि ‘स्व’ म्हणजे केवळ आपण नव्हे, आपले माणूसही, असे कोश सांगतात. एकोणतीस वर्षे हा अर्थ मी पोरांना सांगत आलो आणि पाच गुणांना विचारत आलो. रिमोट खाली ठेवलेला असावा, ही अट कायम. बलभीमला ती वाचून दाखविली, तर्जनीविषयीही विचारले. थंडीत दुखते, म्हणाला. वीरप्पा विरोध करणार आहे. त्याने तसे कळविण्यासाठी मुद्दाम माणूस पाठविला. माणूस बलभीमच होता, आणि निरोप सांगून झाल्यावर तो “माझं मत तुमाला, पर मला मत न्हाय” असे म्हणून चहा पिऊन गेला.

दुपारी साखर घेतली. डबा बंद करताना सवयीने तळवा झाकणावर दाबला. मग उचलला, आणि झाकण नुसते ठेवून दिले. लोणच्याचे, तुपाचे, पिठाचेही.

मुंग्या येतील. येवोत.